सोबत टिकवणारा पैसा

अमेरिकेत ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ ही जुनी संस्था एका मुलाची गाठ एका मोठ्या माणसाशी घालून देते. आठवड्यातून काही तास दोघांनी एकत्र घालवायचे, बोलायचे, फिरायचे, एवढेच त्यात अपेक्षित असते. फिलाडेल्फियातील ‘पब्लिक/प्रायव्हेट व्हेंचर्स’ या अभ्याससंस्थेने आठ शहरांतील १० ते १६ वयाच्या ९५९ मुलामुलींवर याचा काय परिणाम होतो ते तपासले. निम्म्या मुलांना लगेच सोबती मिळाला, उरलेल्यांना दीड वर्ष प्रतीक्षायादीत ठेवले, आणि कोण कुठल्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सोबती मिळालेल्या मुलांमध्ये अमली पदार्थांना प्रथम हात लावण्याची शक्यता ४६ टक्क्यांनी कमी होती आणि मारामारीचे प्रमाणही घटले होते. हा निकाल खूप गाजला. त्यामानाने कमी गाजलेला दुसरा निकाल मात्र माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या संशोधकांनी तीच माहिती पुन्हा चाळली आणि सोबत किती काळ टिकली यानुसार मुलांचे गट पाडले. २००२ मध्ये त्यांनी दाखवून दिले की वर्षभर किंवा त्याहून अधिक टिकलेल्या जोड्यांत सर्वाधिक फायदा झाला होता. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतील मुलांचा आत्मविश्वास मात्र सोबती न मिळालेल्या मुलांपेक्षाही खाली गेला होता.

ज्या मुलाने घरात, शाळेत, वस्तीत माणसे निघून जाताना पाहिली आहेत, त्याच्या आयुष्यात आणखी एकाने येऊन निघून जाणे हा नवा घाव असतो. आता ही गोष्ट संस्थांच्या निधीशी जोडून पाहू. शाळा सुटलेली, कोर्टाची पायरी चढलेली, बालगृहात वाढलेली किंवा टोळ्यांच्या सावलीत मोठी होणारी मुले ज्या संस्थांकडे येतात, त्या संस्थांना बहुतेक पैसा प्रकल्पापुरता मिळतो. वर्षाचा करार, ठरलेले उपक्रम, मार्चअखेर अहवाल. करार संपला की कार्यकर्त्याची नोकरी संपते, आणि मुलाने ज्याच्यावर विश्वास टाकायला नुकती सुरुवात केली होती तो माणूस एक दिवस दिसेनासा होतो. देणगीदाराच्या कागदावर प्रकल्प यशस्वी झालेला असतो. म्हणून अशा मुलांच्या बाबतीत पैसा किती मिळतो याइतकाच तो कोणत्या रूपात मिळतो हा प्रश्न मोलाचा ठरतो. गेल्या पंचवीस वर्षांत ‘व्हेंचर फिलान्थ्रॉपी’ या नावाने जे प्रयोग झाले, त्यांकडे याच अंगाने पाहावे असे मला वाटते.

नाव जुने आहे. तिसरे जॉन डी. रॉकफेलर यांनी १९६९ मध्येच ते वापरले होते. त्याला आजचा अर्थ मिळाला तो १९९७ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त क्रिस्टीन लेट्स आणि त्यांच्या दोन सहलेखकांनी लिहिलेल्या लेखामुळे. नव्या कंपन्यांत भांडवल घालणाऱ्यांकडून दानसंस्थांनी काय शिकावे, हा त्या लेखाचा विषय होता. व्हेंचर कॅपिटलवाला एखाद्या कंपनीत पैसे घालतो तेव्हा एका उत्पादनापुरते घालत नाही. तो पूर्ण कंपनी उभी राहण्यासाठी पैसे देतो, अनेक वर्षे तिच्याबरोबर राहतो, चांगली माणसे मिळवून देतो, हिशेबाची शिस्त लावतो. दानसंस्था मात्र उपक्रमाला पैसे देतात आणि संस्थेच्या कार्यालयाला, लेखापालाला, संगणकाला, कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाला देत नाहीत. पेरणीला पैसे द्यायचे पण बैलाच्या वैरणीला द्यायचे नाहीत, असा हा व्यवहार होता, आणि आजही तो बऱ्याच प्रमाणात तसाच आहे.

या विचाराचा सर्वांत सखोल प्रयोग न्यूयॉर्कच्या एडना मॅककॉनेल क्लार्क फाउंडेशनने केला. प्रसाधनांच्या ‘एव्हॉन’ कंपनीच्या संस्थापकाची मुलगी एडना आणि तिचे पती यांच्या संपत्तीतून ही दानसंस्था उभी राहिली. नव्वदच्या दशकात तिचे पाच वेगवेगळे कार्यक्रम चालत. तुरुंग आणि न्यायव्यवस्थेतील सुधारणा, बालसंरक्षण, माध्यमिक वयातील शिक्षण, न्यूयॉर्कच्या वस्त्या, शिवाय खुपरी या डोळ्यांच्या रोगाविरुद्धचे काम. १९९६ मध्ये मायकेल बेलिन अध्यक्ष झाले. त्याआधी ते वर उल्लेखलेल्या पब्लिक/प्रायव्हेट व्हेंचर्सचे अध्यक्ष होते, म्हणजे तरुणांच्या कार्यक्रमांचे खरे परिणाम कसे दिसतात हे त्यांना ठाऊक होते. प्रचंड सरकारी यंत्रणा बदलायला निघालेल्या एका मध्यम आकाराच्या दानसंस्थेकडे ना पुरेसा पैसा असतो ना पुरेसा अधिकार, या निष्कर्षावर ते आले. मग जुने कार्यक्रम क्रमाक्रमाने आवरते घेऊन त्यांनी एकच क्षेत्र धरले, गरीब घरांतील ९ ते २४ वयाच्या मुलामुलींसाठी काम करणाऱ्या संस्था बळकट करणे. चांगले चाललेले काम बंद करून एका गोष्टीवर एकाग्र होणे दानसंस्थांना फार जड जाते. विश्वस्तांना आपापला आवडता विषय असतो आणि जुन्या संस्थांशी स्नेह जमलेला असतो. तरीही क्लार्कने ते केले, हे मी त्या प्रयोगाचे मोठे श्रेय मानतो.

या पद्धतीत ‘प्रत्यक्ष हात घालणे’ म्हणजे काय, ते थोडे तपशिलात पाहायला हवे. आधी निवड होत असे. क्लार्कची माणसे महिनोन्महिने एखाद्या संस्थेचा अभ्यास करत. तिचा ताळेबंद, तिचे नेतृत्व, विश्वस्त मंडळ, मुले किती काळ टिकतात याची नोंद, कार्यक्रमाने फरक पडतो याचा काही पुरावा. त्यानंतर पहिला मोठा पैसा नियोजनासाठी मिळे. २००० मध्ये सुरू झालेल्या ‘ब्रिजस्पॅन’ या सल्लागार संस्थेबरोबर बसून संस्था पुढच्या काही वर्षांची आखणी करी. आपण नेमके कोणत्या मुलांसाठी आहोत, काय करणे थांबवायचे, एका मुलामागे खरा खर्च किती येतो, हे सगळे त्या आखणीत येई. मग अनेक वर्षांचा निधी मिळे. तो कुठल्या उपक्रमाला बांधलेला नसे, ठरवलेल्या टप्प्यांना बांधलेला असे. क्लार्कचा एकच अधिकारी सतत संस्थेच्या संपर्कात राही. हार्लेममधील जेफ्री कॅनडा यांचे काम याच वाटेने वाढले. त्यांच्या ‘हार्लेम चिल्ड्रेन्स झोन’ या संस्थेची सुरुवात २४ गृहगटांच्या एका लहान पट्ट्यात झाली आणि पुढे ती शंभराच्या आसपास गृहगटांपर्यंत पोचली.

२००५ मध्ये नॅन्सी रूब अध्यक्ष झाल्या आणि दोन वर्षांनी क्लार्कने आणखी एक पाऊल टाकले. वाढू पाहणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाचा निम्मा वेळ देणगीदारांचे उंबरे झिजवण्यात जातो आणि प्रत्येक देणगीदाराचा अर्ज, अहवाल, अट निराळी असते. क्लार्कने तीन संस्था निवडल्या, त्यांच्या वाढीसाठी लागणारी पूर्ण रक्कम आधीच गोळा करायचे ठरवले आणि सर्व देणगीदारांना एकाच आराखड्यावर, एकाच अहवालावर राजी केले. स्वतःचे ३ कोटी ९० लाख डॉलर घातले, इतरांकडून ८ कोटी १० लाख मिळवले. एकूण १२ कोटी डॉलर तीन संस्थांना मिळाले. प्रमुखाला पुढच्या महिन्याच्या पगाराची चिंता नसेल तर तो मुलांकडे पाहू शकतो, इतके साधे कारण या साऱ्या खटाटोपामागे होते.

अशा पैशाने मुलांच्या पातळीवर काय शक्य होते, ते क्लार्कची मदत मिळालेल्या ‘रोका’ या संस्थेत दिसते. बोस्टनजवळच्या चेल्सी गावात मॉली बाल्डविन यांनी ती १९८८ मध्ये सुरू केली. आधी ती सर्व प्रकारच्या मुलांसाठी पुष्कळ काही करत होती. स्वतःच्या नोंदी कठोरपणे तपासल्यावर, आपण भरपूर राबतो पण सर्वांत धोक्यात असलेल्या तरुणांमध्ये पुरेसा बदल दिसत नाही, हे तिच्या लक्षात आले. तिने काम अरुंद केले. तुरुंगात जाऊन आलेले, टोळ्यांत वावरणारे, कुठल्याच कार्यक्रमाला न येणारे तरुण तिने मुद्दाम निवडले. आता तिचा कार्यक्रम चार वर्षांचा असतो, दोन वर्षे जवळून काम आणि पुढची दोन वर्षे पाठपुरावा. तरुण दार उघडणार नाही, शिवी देईल, कामावर येईल आणि पळून जाईल, पुन्हा पकडला जाईल, हे सारे आधीच गृहीत धरलेले असते. कार्यकर्ता तरीही पुन्हा दारात उभा राहतो. वर्षाच्या करारावर नेमलेला कार्यकर्ता हे करूच शकत नाही, कारण पहिले काही महिने तर दार उघडण्यातच जातात आणि अहवालात दाखवण्याजोगे त्याच्याजवळ काहीच नसते.

इथपर्यंत वाचून दीर्घकाळ पैसे द्यावेत, बाकी सगळे आपोआप जमेल, असे वाटू शकेल. या समजाला एक मोठा धक्का इतिहासात नोंदलेला आहे. बोस्टनच्याच परिसरात केंब्रिज आणि सोमरव्हिल या गावांत डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या प्रेरणेने १९३९ च्या सुमारास ५०६ मुलांवर एक प्रयोग सुरू झाला. सारख्या परिस्थितीतील मुलांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतील एकाला समुपदेशक, शिकवणी, वैद्यकीय मदत आणि उन्हाळी शिबिरे सरासरी पाच वर्षे मिळाली. मुलांचे या समुपदेशकांवर प्रेम होते. तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड यांनी ही माणसे शोधून काढली आणि १९७८ मध्ये निष्कर्ष मांडला. मदत मिळालेल्यांची अवस्था न मिळालेल्यांपेक्षा काही बाबतींत वाईट होती. एकाहून अधिक गुन्हे करण्याचे, दारूच्या व्यसनाचे आणि अकाली मृत्यूचे प्रमाण त्यांच्यात जास्त आढळले. मदत घेतलेल्या माणसांपैकी कितीतरी जण तिच्याबद्दल कृतज्ञतेने बोलत होते, ही त्यातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट. प्रेम आणि चिकाटी आवश्यक आहेत, पण त्या कामाला येत आहेत की नाही हे बाहेरून तपासावे लागते. ते ना कार्यकर्त्याच्या समाधानावरून कळते, ना मुलाच्या हसऱ्या फोटोवरून.

म्हणून या पद्धतीचा दुसरा पाय मोजमापाचा आहे आणि तो पहिल्याइतकाच भक्कम हवा. मेम्फिसची ‘यूथ व्हिलेजेस’ ही क्लार्कची मदत मिळालेली दुसरी मोठी संस्था. १९८६ मध्ये दोन निवासी संस्थांच्या विलीनीकरणातून ती जन्मली. मुलांना वसतिगृहात ठेवण्यापेक्षा त्यांच्या घरी जाऊन कुटुंबाबरोबर काम करणे अधिक उपयोगी ठरते, हे पटल्यावर तिने आपल्या कामाचा भर बदलला. सरकारी देखभालीतून किंवा बालन्याय व्यवस्थेतून १८ व्या वर्षी बाहेर पडणाऱ्या तरुणांसाठी तिचा एक कार्यक्रम आहे. टेनेसी राज्यातील १,३०० हून अधिक तरुणांवर ‘एमडीआरसी’ या अभ्याससंस्थेने त्याची चाचणी घेतली. कमाई, घराची स्थिरता, मानसिक आरोग्य यांत थोडी पण खरी सुधारणा दिसली. शिक्षणात आणि गुन्ह्यांच्या प्रमाणात फरक दिसला नाही. एवढा खर्च करून हाती आलेला हा निकाल मर्यादित आहे, पण त्यातील प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो. आपण काय करू शकत नाही हे जाहीर होऊ देणारी संस्था विरळा असते, आणि ते जाहीर झाल्यावरही पाठीशी राहणारा देणगीदार त्याहून विरळा.

या पद्धतीवरचे आक्षेप गंभीर आहेत. पहिला असा, की पुरावा आणि आकार मागणारा निधी आधीच सशक्त असलेल्यांकडे जातो. आराखडे, आकडेवारी, सफाईदार सादरीकरण ज्यांना जमते त्या संस्था निवडल्या जातात. वस्तीतूनच उगवलेली आणि वस्तीतलीच माणसे चालवत असलेली लहान संस्था मागे पडते. या आक्षेपाला आकड्यांचाही आधार आहे. ब्रिजस्पॅन आणि ‘इकोइंग ग्रीन’ यांनी २०२० मध्ये होतकरू संस्थांच्या एका गटाची पाहणी केली. कृष्णवर्णीय प्रमुख असलेल्या संस्थांचे उत्पन्न गोऱ्या प्रमुखांच्या तशाच संस्थांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी होते, आणि बंधनमुक्त निव्वळ मालमत्ता तर ७६ टक्क्यांनी कमी होती. ज्या वस्त्यांतील मुले सर्वांत धोक्यात, त्या वस्त्यांतील नेतृत्वावरच विश्वास कमी, असा याचा अर्थ होतो. त्याच वर्षापासून अब्जाधीश देणगीदार मॅकेन्झी स्कॉट यांनी नेमकी उलटी वाट धरली. मोठी रक्कम, कुठलीही अट नाही, कसलाही हस्तक्षेप नाही. मला या दोन वाटा परस्परविरोधी वाटत नाहीत. दोन्हींचा गाभा एकच, पैसा संस्थेला द्यायचा आणि भरपूर द्यायचा. फरक हाताच्या वजनाचा आहे. पुरावा तयार करण्यासाठीही पैसा लागतो. तो देणगीदाराने लहान संस्थेला आधी द्यायला हवा, तिच्याकडून आधी मागू नये.

दुसरा आक्षेप मोठे होण्याच्या हव्यासाबद्दल आहे. एका ठिकाणी जमलेले काम दुसरीकडे जमेलच असे नाही. १२ कोटी डॉलरच्या त्या निधीत एक वाटेकरी होती ‘नर्स-फॅमिली पार्टनरशिप’. पहिल्यांदा आई होणाऱ्या गरीब स्त्रियांकडे प्रशिक्षित परिचारिका गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत जातात. डेव्हिड ओल्ड्स यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा गावी सुरू केलेल्या चाचणीत पंधरा वर्षांनंतरही चांगले परिणाम दिसले होते. हाच कार्यक्रम इंग्लंडने १९ किंवा त्याहून कमी वयाच्या मातांसाठी स्वीकारला. १,६०० हून अधिक मातांवर घेतलेल्या चाचणीत ठरवलेल्या चारही मुख्य निकषांवर फायदा दिसला नाही. तिथली सरकारी आरोग्यसेवा आधीच घरोघरी पोचत होती, हे एक संभाव्य कारण सांगितले जाते. हार्लेमचेही तसेच. ‘चिल्ड्रेन्स झोन’च्या शाळांनी मुलांच्या गणितात लक्षणीय सुधारणा केली, पण भोवतीच्या वस्तीसेवांचा त्यात किती वाटा, हे तपासणाऱ्या विल डॉबी आणि रोलँड फ्रायर यांना त्या सेवांचा स्वतंत्र प्रभाव सापडला नाही. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. संस्थेला बळकट करणे आणि तिला देशभर पसरवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि चांगल्या देणगीदारांनीही ती पुष्कळदा एक समजली.

तिसरा आक्षेप लोकशाहीचा आहे. कोणत्या मुलांना कोणती मदत मिळावी हे निवडून न आलेल्या श्रीमंतांनी का ठरवावे? याला पूर्ण उत्तर नाही. एवढेच म्हणता येते की सरकारला जी जोखीम घेता येत नाही ती खाजगी पैशाने घ्यावी, निकाल उघड करावा आणि पुढचे सरकारवर सोडावे. न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगात २०१२ मध्ये १६ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी गोल्डमन सॅक्स या बँकेच्या कर्जावर एक कार्यक्रम चालवला गेला. मुले पुन्हा तुरुंगात येण्याचे प्रमाण घटले नाही, आणि २०१५ मध्ये तो थांबवला. नुकसान गुंतवणूकदार आणि हमी देणाऱ्या दानसंस्थेने सोसले. ब्रिटनमध्ये याच परंपरेतील ‘इम्पेटस’ या संस्थेकडे गृहखात्याने २० कोटी पौंड सोपवले आणि २०१९ मध्ये तरुणांना हिंसेपासून दूर ठेवण्याचे उपाय तपासणारा ‘यूथ एन्डॉवमेंट फंड’ उभा राहिला. तिथे सार्वजनिक पैसा आणि जाहीर निकाल दोन्ही आहेत. त्यामुळे ती रचना मला अधिक निरोगी वाटते.

महाराष्ट्राशी या विषयाचा संबंध दूरचा नाही. देवल संघवी आणि नीरा नंदी यांनी १९९९ मध्ये मुंबईत सुरू केलेली ‘दसरा’ ही संस्था याच विचारातून आली. २०२१ मध्ये मुंबईच्याच एडेलगिव्ह फाउंडेशनने शंभर तळागाळातील संस्थांच्या बांधणीसाठी ‘ग्रो फंड’ उभारला. पण आपल्या कायद्यांची चौकट उलट दिशेला ओढते. परदेशी देणग्यांच्या कायद्यातील सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने अशा देणगीतील प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेने दुसरीला परदेशी निधी पुढे देणे बंद झाले. मोठ्या संस्थेने निधी घेऊन गावातल्या छोट्या संस्थेला हात द्यायची वाट त्यामुळे मिटली. सीएसआरमधील, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चातील, पाच टक्क्यांची मर्यादा ही कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावरील खर्चाची आहे. तरीही ती संस्थेच्या आस्थापना खर्चावर लादली जाते, आणि संस्था वाद घालण्याच्या स्थितीत नसते.

२०१५ च्या बालन्याय कायद्याने बालगृहातून १८ व्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांसाठी २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पुढील देखभालीची, तरतूद केली आहे. ही तीन वर्षे टेनेसीतल्या त्या तरुणांच्याच वयाची आहेत. भाड्याची खोली, पहिली नोकरी, आधारकार्डावरचा पत्ता, आजारपणात फोन करायला एखादा माणूस, हे सारे याच काळात लागते. आणि सीएसआरच्या नियमांत ‘चालू प्रकल्प’ सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षे चालवता येतो. सुरुवातीचे वर्ष धरले तर चार वर्षांपर्यंतची मुभा आज कायद्यात आहे. एका तरुणाला त्याच्या अठराव्या वाढदिवसापासून एकविसाव्यापर्यंत एकाच कार्यकर्त्याची सोबत देण्याइतका हा अवकाश आहे. कंपनीच्या संचालक मंडळाने फक्त करारावर एक ऐवजी चार वर्षे लिहायची आहेत आणि त्या कार्यकर्त्याचा, त्याच्या पर्यवेक्षकाचा, हिशेब ठेवणाऱ्याचा पगार त्यात धरायचा आहे.